‘स्वीकृति’ म्हणजे मंजुरी नव्हे!
अपंगांच्या मासिक वेतनाचा अर्ज आणि सीमाभागातील भाषेची अडचण

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. पण सहा महिने थांबायचे ते कशासाठी, हेच ज्याला ठाऊक नाही त्याने काय करावे? बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील एका गावात, एका घरच्या सोप्यात बसलो असताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, आणि त्यानंतर आम्ही जिथे जिथे गेलो तिथे तो आमच्या पाठोपाठ आला.

घरात माणसे दोनच. आई पन्नाशी ओलांडलेली, रोजगाराला जाणारी. मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा. काही वर्षांपूर्वी फणसाच्या झाडावरून पडला, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचे अंग गेले. तेव्हापासून तो त्या सोप्यातल्या खाटेवर आहे. माउलीने फळीवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली. आधार कार्ड, रेशन कार्ड, दवाखान्याची कागदपत्रे, बँकेचे पासबुक, असे सगळे एकावर एक घडी करून ठेवलेले होते. त्यातून तिने एक संगणकावर छापलेली कन्नड पावती आमच्या हातात दिली.

“ह्यो कागद बघा. ह्यात मंजूर झालंय म्हणून लिवलंय. पर पैसा काय आला न्हाई,” ती म्हणाली.

घडले होते ते असे. अर्ज भरून देणाऱ्या एका इसमाने दोनशे रुपये घेऊन अर्ज घातला आणि पावती हातात दिली. घरात कन्नड वाचणारे कोणी नाही. शेजारचा आठवीतला पोरगा शाळेत कन्नड शिकतो. त्याने अक्षरे लावून वाचली, ‘स्वीकृति पत्र’. सोप्यात जमलेल्या सगळ्यांना आनंद झाला. स्वीकृती म्हणजे स्वीकारले, म्हणजे मंजूर झाले! माउलीने देवळात गूळ-खोबरे वाटले. मग दर महिन्याला एक दिवसाचा रोजगार बुडवून ती बँकेत जाऊन पासबुक छापून आणू लागली. असे नऊ महिने गेले.

आता, कन्नडमध्ये ‘स्वीकृति पत्र’ म्हणजे अर्ज पोचल्याची पोच. बस, तेवढेच. अर्ज टेबलावर आला, यापलीकडे त्याचा अर्थ नाही. पोराने अक्षरे अचूक वाचली होती आणि गावाने अर्थही मराठीप्रमाणे अचूक लावला होता. चूक कोणाचीच नव्हती, आणि नऊ महिने मात्र गेले होते.

पुढचे याहून कठीण आहे. माउली शेवटी गावातल्या एका निवृत्त गुरुजींना घेऊन कचेरीत गेली. तिथे कळले की अर्ज केव्हाच फेटाळला गेला आहे. कारण एकच, दोन कागदांवरच्या नावांत फरक. तसा संदेशही मोबाईलवर गेला होता. पण अर्जावर मोबाईल नंबर होता अर्ज भरून देणाऱ्याचा! कागदावर शब्द होता ‘तिरस्करिसलागिदे’. गुरुजींनी तो वाचला मात्र, आणि माउलीचा चेहरा पडला.

“आमचा तिरस्कार कशापायी केला म्हणायचा गुरुजी? आमी कुणाचं काय वाईट केलंतं?”

कन्नडमध्ये ‘तिरस्करिसु’ म्हणजे नाकारणे, फेटाळणे. कचेरीची ती रोजची, कोरडी भाषा आहे. मराठी कानाला मात्र तो शब्द काळजाला लागतो. गुरुजींनी तिला समजावून सांगितले. तरीही ती आम्हाला म्हणाली, “शब्द त्योच हाय की, मग अर्थ दुसरा कसा?”

कन्नड शब्द, मराठी कान

माउलीच्या त्या प्रश्नातच आपल्या सीमाभागाची निम्मी अडचण आली. मराठी आणि कन्नड शेजारणी आहेत. शेकडो वर्षे एकमेकींच्या घरचे उसने घेत आल्या आहेत. त्यामुळे अर्जावरचे पुष्कळ शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात. काही खरोखरच ओळखीचे असतात, काही मात्र फसवतात. म्हणून अर्जावर नेहमी येणारे शब्द आम्ही इथे देत आहोत. हा भाग कापून ठेवावा आणि घरात, वाचनालयात भिंतीवर लावावा, अशी आमची विनंती आहे.

‘हेसरु’ म्हणजे नाव. ‘तंदे’ म्हणजे वडील, ‘तायि’ म्हणजे आई आणि ‘गंड’ म्हणजे नवरा. बायकांच्या अर्जावर ‘तंदे अथवा गंडन हेसरु’ असे असेल तर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मागितले आहे असे समजावे. ‘विळास’ म्हणजे पत्ता. ‘वयस्सु’ म्हणजे वय आणि ‘हुट्टिद दिनांक’ म्हणजे जन्मतारीख. ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न. ‘वासस्थळ प्रमाणपत्र’ म्हणजे रहिवासी दाखला. ‘पडितर चीटि’ म्हणजे रेशन कार्ड. ‘भावचित्र’ म्हणजे फोटो. ‘शेकडा’ म्हणजे टक्के. ‘अंगविकल’ किंवा ‘विकलचेतन’ म्हणजे अपंग. आपल्याकडे आता सरकारी कागदात ‘दिव्यांग’ म्हणतात तो. ‘मासाशन’ किंवा ‘पिंचणि’ म्हणजे दरमहा मिळणारी रक्कम, आपल्या गावच्या बोलीत पगार. ‘सहि’ म्हणजे सही आणि ‘हेब्बेट्टिन गुरुतु’ म्हणजे अंगठ्याचा ठसा.

आता निकालाचे शब्द. ‘मंजूरु’ म्हणजे मंजूरच. ‘बाकि इदे’ म्हणजे अजून बाकी आहे, निकाल लागलेला नाही. ‘अर्ह’ म्हणजे पात्र आणि ‘अनर्ह’ म्हणजे अपात्र. ‘स्वीकृति’ म्हणजे पोच. ‘तिरस्करिसलागिदे’ म्हणजे फेटाळले. आणि सर्वांत उपयोगाचा शब्द ‘हिंबरह’, म्हणजे कचेरीने कारणासह दिलेले लेखी उत्तर. हा शेवटचा शब्द पाठच करून ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

पहिली पायरी : दवाखान्याचा दाखला

पुष्कळांची समजूत असते की अर्ज एकच. तसे नाही. कामे दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या दारात होतात. पहिले काम अपंगत्वाच्या दाखल्याचे. ते सरकारी दवाखान्यात होते. दुसरे मासिक वेतनाचे. ते महसूल खात्यात होते. पहिले झाल्याशिवाय दुसरे सुरू होत नाही.

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. त्याच्या जागी 2016 चा कायदा आला, तो 2017 च्या एप्रिलपासून लागू आहे आणि त्यात 21 प्रकार आहेत. हात-पाय, डोळे, कान यांचे अपंगत्व तर त्यात आहेच. शिवाय मतिमंदत्व, मानसिक आजार, स्वमग्नता, बुटकेपणा, कंपवात, स्नायूंचा क्षय, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याने आलेली विद्रूपता हे सारे आहे. ‘आमच्या पोराला तर हातपाय आहेत, त्याला कसला दाखला?’ असे म्हणून गप्प बसलेल्या कितीतरी घरांना या यादीत जागा आहे.

2021 च्या जूनपासून हे दाखले देशभर एकाच संगणकीय पद्धतीने दिले जातात. त्याला यु.डी.आय.डी. म्हणतात. अर्ज संगणकावर घालायचा, मग बोलावतील त्या दिवशी दवाखान्यात तपासणीला जायचे. तपासणीनंतर टक्केवारी ठरते. 40 टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरे कार्ड, 40 च्या वर आणि 80 च्या आत पिवळे, 80 व त्याहून अधिक असेल तर निळे. मासिक वेतनासाठी निदान 40 टक्के लागतात. 2024 साली नियमांत दुरुस्ती झाली, त्यानुसार दाखल्याच्या अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा.

तपासणीच्या दिवशी आपली माणसे दोन चुका करतात. एक म्हणजे संकोच. डॉक्टरांनी ‘कसे काय?’ विचारले की ‘बरं आहे’ म्हणायची आपली रीत. मोठ्या माणसापुढे रडगाणे गाऊ नये, असे आपल्याला शिकवलेले असते. पण तो दिवस बरे म्हणण्याचा नव्हे. काय जमत नाही ते सांगावे. आंघोळीला कोण घालते, परसाकडे कसे नेतात, हातात तांब्या धरता येतो का, रात्री दिसते का, हे आहे तसे सांगावे. वाढवून सांगू नये आणि झाकूनही ठेवू नये. घरात लग्नाची मुलगी आहे म्हणून भावाचा मानसिक आजार लपवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांचे दुःख आम्हाला कळते. पण लपवलेल्या आजाराला दाखला मिळत नाही.

दुसरी चूक भाषेची, आणि ती आपली नसून परिस्थितीची आहे. मतिमंद मुलाची, उशिरा बोलणाऱ्या मुलाची तपासणी प्रश्न विचारून होते. ज्या पोराने घरात मराठीखेरीज दुसरा शब्द ऐकला नाही त्याला कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत प्रश्न केले, तर ते उत्तर देणार काय? मग कमी आहे त्यापेक्षा जास्त कमी दिसते, किंवा ‘पोर बोलत नाही, लाजते’ म्हणून खरे अपंगत्व निसटून जाते. दोन्हीकडून नुकसान पोराचेच. म्हणून तपासणीच्या आधीच स्पष्ट सांगावे, ‘मूल फक्त मराठी समजते.’ बेळगावच्या सरकारी दवाखान्यांतून मराठी समजणारे कर्मचारी पुष्कळ असतात. सांगितले तर बहुधा कोणीतरी पुढे येते. नाहीच आले तर दोन्ही भाषा जाणणारे आपले माणूस बरोबर असावे.

दुसरी पायरी : नाडकचेरी

दाखला हातात आला की मासिक वेतनाचा अर्ज होबळीच्या नाडकचेरीत घालायचा. साधारणपणे यु.डी.आय.डी. कार्ड, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला, बँक किंवा पोस्टाचे पासबुक आणि फोटो लागतात. अर्ज घातल्यावर तलाठी चौकशी करतो, सर्कल अहवाल देतो आणि मग वर मंजुरी होते. तलाठी घरी येईल तेव्हा घर बंद आणि सगळे शेतावर, असे होऊ देऊ नये. लावणीच्या, सुगीच्या दिवसांत तर शेजाऱ्याला सांगूनच ठेवावे.

रक्कम अपंगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे ठरते. 40 ते 75 टक्केवाल्यांना पूर्वी महिना 600 रुपये होते, ते 2021 च्या जुलैमध्ये 800 करण्याची घोषणा झाली. त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना जास्त रक्कम आहे. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना 2009 साली सुरू झाली. ती दारिद्र्यरेषेखालच्या घरांतील 80 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी आहे आणि तिच्यात केंद्राचा वाटा 79 वर्षांपर्यंत महिना 300 रुपयांचा आहे. तिच्यासाठी वेगळा अर्ज घालत बसण्याचे कारण नाही. राज्याच्या रकमेतच हा वाटा येतो. दर आणि उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज घालण्याच्या दिवशी कचेरीतच विचारून घ्यावे.

आठशे रुपये ते किती, असे शहरातला माणूस म्हणेल. त्या सोप्यातल्या खाटेवरच्या पोराला रोज लागणाऱ्या औषधांचा आणि मलमपट्टीचा हिशेब माउलीने आमच्यासमोर बोटांवर मांडला. तो ऐकल्यावर आम्ही तरी तसे म्हणू शकलो नाही.

नावाचा घोटाळा

आमच्या पाहण्यात जे अर्ज फेटाळले गेले, त्यांत नावाच्या फरकाचे कारण वारंवार दिसले. हा घोटाळा सीमाभागाचा खास. मराठी शाळेतला ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत ‘डी’ ने सुरू होतो. तोच कन्नड कचेरीतून इंग्रजीत गेला की ‘जे’ किंवा ‘जी’ ने सुरू होतो. मराठी ‘परशराम’ तिकडे ‘परशुराम’ होतो. लक्ष्मीच्या नावात कोणी ‘एक्स’ घालतो, कोणी ‘के’ आणि ‘एस’. आडनाव कधी पुढे, कधी मागे, कधी गायबच. वडिलांचे नाव मधे घालण्याची आपली पद्धत, तिकडे नुसते आद्याक्षर. माणूस तोच, घर तेच, पण संगणकाला तीन माणसे दिसतात.

सासुरवाशिणींचे तर विचारूच नये. चंदगडकडची मुलगी इकडे दिली, की तिचे शाळेचे कागद माहेरच्या नावाचे आणि महाराष्ट्राचे, आधारवर सासरचे नाव, रेशन कार्डावर तिसरेच काही. अपंगत्वाचे कार्ड माहेरच्या पत्त्यावर काढले असेल तर त्यावरचा पत्ता बदलून घ्यावा लागतो. तशी सोय त्याच संगणकीय पद्धतीत आहे. कार्ड मात्र देशभर चालते, ते पुन्हा नव्याने काढावे लागत नाही.

उपाय एकच आणि तो अर्जाच्या आधीचा. सगळे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडावेत आणि नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, जन्मतारीख, गाव हे एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहावे. फरक दिसला तर आधार आधी दुरुस्त करावे, मग त्याप्रमाणे बाकीचे. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही बँकेत विचारावे. पूर्वी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन दारात येई आणि माणूस ओळखून पैसे हातावर ठेवी. आता रक्कम थेट खात्यात जाते आणि खाते माणसाला ओळखत नाही, आधार क्रमांक ओळखते.

मदत कोणाची घ्यावी?

या कामात मदत घेण्यात कमीपणा नाही. शिकलेली माणसेही घेतात. फक्त कोणाची घ्यावी ते कळले पाहिजे. कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या पातळीवर अपंगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ता नेमण्याची पद्धत आहे. त्याला व्ही.आर.डब्ल्यू. म्हणतात आणि तो बहुधा स्वतःच अपंग असतो. तालुक्याला त्यांच्यावर एक जण असतो, तो एम.आर.डब्ल्यू. अपंगांना योजनांची माहिती देणे आणि अर्ज घालायला साह्य करणे हेच त्यांचे काम. आमच्या भेटीत कित्येक गावांना असा माणूस आपल्या पंचायतीत आहे याचाच पत्ता नव्हता! पंचायतीत जाऊन पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘आपला व्ही.आर.डब्ल्यू. कोण?’

तालुक्याच्या न्यायालयात कायदा सेवा समिती असते. 1987 च्या कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पैसे घेऊन अर्ज भरणारे सगळेच लबाड असतात असे आम्ही म्हणणार नाही. दिवसाची मजुरी त्यालाही हवी. पण चार गोष्टी सोडू नयेत. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. मोबाईल नंबर घरचा घालायचा, भरणाऱ्याचा नव्हे. अर्ज घालण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला लावायचा. आणि पोच पावती, तिच्यावरच्या क्रमांकासह, आपल्या ताब्यात घ्यायची.

आणखी एक फसवणूक सीमाभागात चालते. ‘आपली गावे महाराष्ट्राने मागितली आहेत, तेव्हा तुम्हाला तिकडचे संजय गांधी निराधारचे पैसेही मिळवून देतो’ असे सांगून पैसे उकळले जातात. मागणी आपल्या जागी आहे. तिचा 2004 पासूनचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र सरकारने 2023 साली आपली आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, हेही खरे. पण निराधार योजनेला महाराष्ट्राचा रहिवास लागतो. आज ज्या राज्यात आपले रेशन कार्ड आहे, मासिक वेतन त्याच राज्याचे मिळते. खोटा पत्ता घालून दोन्हीकडे अर्ज करायला गेले तर हातचेही जाण्याचा धोका आहे.

भाषेचा हक्क, भांडण न करता

आता थोडे हक्काचे. भारताच्या घटनेचे 350 वे कलम सांगते की आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी कोणाही व्यक्तीला, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क आहे. मराठी ही अशी भाषा आहे. म्हणजे ठरावीक नमुन्यातला अर्ज कन्नडमध्ये असला, तरी ‘माझा अर्ज का फेटाळला?’ हे विचारणारे निवेदन आपण मराठीत देऊ शकतो. कोणी ‘मराठीत चालत नाही’ म्हणाले तर शांतपणे 350 वे कलम सांगावे.

दुसरे असे की राज्य पुनर्रचनेच्या वेळी 1956 साली केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणे ठरवली. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक 15 टक्के किंवा अधिक असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे त्यात आहे. बेळगाव व खानापूर तालुक्यांत मराठी भाषिक याहून खूपच जास्त आहेत, हे सांगायला कोणाची साक्ष लागणार नाही. अर्जाशेजारी मराठीतला एक माहितीचा कागद लावला तर कन्नडचा त्यात काहीच तोटा नाही. एका विधवेचे नऊ महिने मात्र वाचतील.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या माउलीचा दुसरा अर्ज ज्या कारकुनाने घेतला तो कन्नड भाषिक होता. त्याने खिडकीतून बाहेर येऊन, मोडक्यातोडक्या मराठीत, कोणता कागद कुठे कमी आहे ते तिला समजावले. “आक्का, मोबाईल नंबर तुमचा द्या, त्याचा नको,” असे त्यानेच सांगितले. भाषेचा आग्रह आम्ही धरतो तो माणसाविरुद्ध नाही. अपंग माणसाचे काम अडू नये, एवढ्यासाठी तो आहे. आणि आपल्या मुलांनी कन्नड नीट शिकावे, नुसती अक्षरे लावून वाचू नये, हेही आम्ही तेवढ्याच स्पष्टपणे म्हणतो. मराठी टिकवण्यासाठी कन्नड न येणे आवश्यक नाही.

फेटाळले तर?

घरी येऊन नशिबाला दोष देत बसू नये. आधी ‘हिंबरह’ मागावा, म्हणजे लेखी कारण. तोंडी ‘होत नाही, जावा’ हे उत्तर नव्हे. कारण लेखी मिळाले की निम्मे काम झाले, कारण बहुधा ते दुरुस्त होण्यासारखे असते.

कर्नाटकात ‘सकाल’ कायदा आहे. 2011 चा कायदा, 2012 पासून अंमलात. कोणत्या कामाला किती दिवस लागावेत ते त्यात ठरलेले आहे. पोच पावतीवर त्याचा क्रमांक असतो आणि त्यावरून अर्ज कुठे अडला ते पाहता येते. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज नाकारला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. उशिराबद्दल दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाईही त्या कायद्यात आहे. रक्कम लहान आहे, पण ती मागणारा आला की फाईल हलते.

दाखल्याची टक्केवारी चुकीची वाटली किंवा दाखलाच नाकारला, तर त्यासाठीही 2016 च्या कायद्यात अपिलाची तरतूद आहे. नाकारण्याचे कारण लेखी मिळायला हवे, असे नियम सांगतात.

गावाने काय करावे?

आपल्या गावागावांत युवक मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, वाचनालये आहेत. शिवजयंतीला, गणेशोत्सवाला आपण किती झटतो! त्यातला वर्षाचा एक दिवस या कामाला द्यावा. देवळाच्या सभामंडपात दोन टेबले टाकावीत. दोन्ही भाषा येणारे निवृत्त गुरुजी किंवा कॉलेजातली मुले-मुली बसवावीत. पंचायतीच्या व्ही.आर.डब्ल्यू.ला बोलवावे, तलाठ्यालाही आग्रहाने आमंत्रण द्यावे. गावातल्या प्रत्येक अपंगाचे कागद तिथे ताडून पाहावेत आणि एका वहीत नाव, पावतीचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी. दर महिन्याला एकाने त्या वहीतले क्रमांक संगणकावर बघावेत. याला निधी लागत नाही, पुढारी लागत नाही. एक वही आणि चार शहाणी माणसे लागतात.

त्या माउलीचे काय झाले, ते सांगून थांबतो. नावे जुळवायला दोन महिने गेले. गुरुजींनी दुसरा अर्ज भरला, ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली आणि मगच तिने अंगठा दिला. या वेळी पावती आली तेव्हा तिने देवळात काही वाटले नाही. “आता पासबुकात दिसल्यावरच,” ती म्हणाली.

पासबुकात ते दिसले. गेलेले महिने मात्र परत आले नाहीत. ते कोणाच्याच खात्यात जमा झाले नाहीत.

आम्ही निघालो तेव्हा तिने आम्हाला थांबवले आणि आमच्या वहीतला एक कागद मागितला. वरच्या आळीत एक मुकी-बहिरी पोर आहे, तिच्या आईला द्यायचा म्हणाली.

“त्ये शब्द लिवून द्या. स्वीकृति आनि त्यो दुसरा. तिला आधीच कळूं दे. मी सांगतो तिला.”

आम्ही लिहून दिले. तेच शब्द आज इथे छापले आहेत.